मिठाचा खडा

सुरळीत चाललेल्या कार्यांत एखाद्यानें लहानसें विघ्न आणून सारेंच बिघडविलें, म्हणजे आपण म्हणतों कीं त्यानें दुधांत मिठाचा खडा टाकला. घागरभर दूध कोणीकडे आणि चिमटींत मावणारा खडा कोणीकडे! परंतु बिघाड हा बिघडविणाऱ्या वस्तूच्या आकारावर अवलंबून नसतो, हा अनुभव आपल्या पूर्वजांस चांगला असला पाहिजे. एरवीं हा वाक्प्रचार रूढच झाला नसता. आम्ही गेलीं तीस वर्षें एका महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकवीत आहों. या वाक्प्रचाराचें प्रत्यंतर आम्हांस ज्या प्रसंगानें आलें तो आज वाचकांपुढें मांडण्याचा विचार आहे. त्यांत शास्त्राचा भाग बराच येईल; तरी शास्त्राची गोडी नसलेल्या वाचकांनीं पान उलटण्याची घाई करूं नये, अशी विनंति आहे. कारण आमच्या हातून जी चूक झाली, ती शास्त्रांतली थोडी आणि व्यवहारांतली पुष्कळ होती.

प्रथम मूळ क्रियेविषयीं चार शब्द. कांहीं पदार्थांच्या रेणूंत आणखी हायड्रोजन सामावून घेण्यास जागा असते. शेंगदाण्याचें किंवा सरकीचें तेल हें त्याचें घरगुती उदाहरण होय. अशा तेलांत हायड्रोजन मिसळविला तर तें घट्ट होऊन तुपासारखें थिजतें. पण तेलांतून हायड्रोजनचे बुडबुडे दिवसभर सोडले तरी आपण होऊन कांहींच घडत नाहीं. त्यांत निकेल, पॅलेडियम किंवा प्लॅटिनम या धातूंपैकीं एखाद्याची बारीक भुकटी टाकली कीं क्रिया चालूं लागते, आणि शेवटीं भुकटी गाळून काढली तर ती वजनांत होती तितकीच भरते. अशा पदार्थास उत्प्रेरक म्हणतात. फ्रान्समधील तूलूझ येथें पॉल साबातिए यांनीं सांदराँ यांच्या साहाय्यानें १८९७ सालीं निकेलच्या अंगीं हा गुण असल्याचें दाखवून दिलें, आणि या संशोधनाबद्दल १९१२ सालच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वांटा त्यांस मिळाला. साबातिए वायुरूप पदार्थांवर प्रयोग करीत. द्रवरूप तेलावर ही क्रिया करण्याचें पेटंट जर्मनींत विल्हेल्म नॉर्मान यांनीं १९०२ सालीं मागितलें, आणि तेथून वनस्पति तुपाच्या धंद्याचा उगम झाला. १९३७ सालीं डालडा आपल्याकडील बाजारांत आलें, आणि झाडाचें चित्र असलेला तो पिवळा डबा मध्यमवर्गीय स्वयंपाकघरांत ठाण मांडून बसला. तूप संपल्यावर त्याच डब्यांत आमच्या मातोश्रींनीं तुळस लावलेली आम्हांस आठवते. निकेलच्या भुकटीचा हा प्रताप आहे, हें त्या वेळीं घरांत कोणाच्या गांवींही नव्हतें.

उत्प्रेरकाचें सर्व सामर्थ्य त्याच्या पृष्ठभागावर असतें. हायड्रोजनचा रेणु दोन अणूंचा. धातूच्या पृष्ठभागावर तो येऊन टेकला कीं ते दोन अणु एकमेकांपासून सुटतात, आणि शेजारींच येऊन बसलेल्या तेलाच्या रेणूंत शिरण्यास मोकळे होतात. धातूच्या कणाच्या पोटांतील अणूंना या व्यवहारांत कांहीं काम नसतें. सारा बाजार दारासमोरील ओट्यावर भरतो. म्हणून ओट्यावरच कोणी पथारी पसरून बसला, तर आंतला वाडा केवढाही मोठा असो, देवघेव बंद पडावयाचीच. प्लॅटिनमचा हा गुण पत्र्याच्या स्वच्छतेवर अवलंबून असतो, आणि कांहीं वायु त्यास अडथळा करितात, हें मायकेल फॅरडे यांनीं १८३४ सालींच पाहिलें होतें. म्हणजे बर्झेलियस यांनीं या क्रियांना १८३५ सालीं नांव देण्याच्याही आधीं. अशा अडथळा करणाऱ्या द्रव्यांस रसायनशास्त्रज्ञ सरळ ‘विष’ असेंच म्हणतात.

या विषांत गंधकाच्या संयुगांचा मान पहिला. साबातिए यांसही त्याचा अनुभव आला होता. दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेलें बेंझीन घेतलें, तर त्यांतील थायोफीन नांवाच्या गंधकयुक्त द्रव्यानें निकेल निकामी होतें. या थायोफीनचा शोध मोठ्या मौजेनें लागला. १८८२ सालीं झुरिच येथें व्हिक्टर मायर हे आपल्या व्याख्यानांत बेंझीनची एक ठराविक परीक्षा विद्यार्थ्यांस दाखवीत होते. बेंझीनमध्यें आयसॅटिन व तीव्र गंधकाम्ल मिसळलें कीं गर्द निळा रंग यावयाचा. त्या दिवशीं तो आलाच नाहीं. चौकशीअंतीं कळलें कीं, नेहमींचें डांबरापासूनचें बेंझीन संपल्यामुळें बेंझॉइक अम्लापासून तयार केलेलें बेंझीन वापरण्यांत आलें होतें. हें बेंझीन अधिक शुद्ध, आणि तरीही परीक्षा फसली! मायर यांनीं निष्कर्ष काढला कीं, निळा रंग बेंझीनचा नव्हेच. डांबरांतून बेंझीनबरोबर येणाऱ्या दुसऱ्याच कोणाचा तरी तो आहे. त्या दुसऱ्यास त्यांनीं हुडकून काढिलें, तेंच थायोफीन. बेंझीन ८० अंशांवर उकळतें आणि थायोफीन ८४ अंशांवर. त्यामुळें ऊर्ध्वपातन करूनही दोघांची ताटातूट सहजासहजीं होत नाहीं, आणि तोंपर्यंत त्याचा कोणास संशयही आला नव्हता. ही गोष्ट आम्ही दरवर्षीं वर्गांत रंगवून सांगत असूं. भर वर्गांत प्रयोग फसला असतां चांगल्या प्राध्यापकानें काय करावें, याचा धडा म्हणून ती सांगत असूं. स्वतः मात्र तो धडा शिकलों नव्हतों, हें पुढील हकीकतीवरून दिसून येईल.

आमच्या नोकरीच्या सातव्या वर्षीं एम्.एस्सी.च्या वर्गांत एक विद्यार्थिनी होती. तिचे वडील तालुक्याच्या गांवीं प्राथमिक शाळेंत शिक्षक होते. मुलगी अबोल, पण वहींतील अक्षर मोत्यासारखें. तिला आम्हीं सिनॅमिक अम्लाचें हायड्रोजनीकरण नेमून दिलें. प्रयोग नेहमींचा आहे. १४.८ ग्रॅम अम्ल १०० मिलिलिटर अल्कोहोलांत घ्यावयाचें, त्यांत कोळशाच्या भुकटीवर शेंकडा ५ भाग पॅलेडियम बसविलेला उत्प्रेरक पाव ग्रॅम टाकावयाचा, बाटलींत हायड्रोजन भरून ती यंत्रानें हलवीत ठेवावयाची. सुमारें २.४ लिटर हायड्रोजन खपला कीं काम झालें. तिचा प्रयोग अर्धा लिटर खपेपर्यंत बरा चालला, आणि मग हायड्रोजनच्या मापाचा कांटा जागचा हलेना. तिनें दुसऱ्यांदां प्रयोग केला, तोच प्रकार. तिसऱ्यांदांही तेंच. “सर, भांडीं मीं तीनदां धुतलीं आहेत,” असें ती म्हणाली. आम्हीं उत्तर दिलें कीं, तीनदां धुणें आणि नीट धुणें यांत फरक आहे. वाक्य आम्हांस त्या वेळीं फार चटकदार वाटलें होतें.

त्याच सुमारास तिनें एका संशोधनसंस्थेकडे अर्ज केला होता. संस्थेचा शिफारसपत्राचा नमुना आमच्याकडे आला. त्यांत ‘प्रयोगांतील कौशल्य व दक्षता’ असा एक रकाना होता. त्यांत आम्हीं लिहिलें कीं, उमेदवाराची बुद्धि चांगली आहे, परंतु हातांत निगा कमी आहे. तसें लिहितांना आपण निःपक्षपाती आहों, याचें आम्हांस समाधानच वाटलें. तिची निवड झाली नाहीं.

पुढें दोन महिन्यांनीं तोच प्रयोग आम्हांस पदवीच्या वर्गापुढें करून दाखवावयाचा होता. भांडीं आम्हीं स्वतःच्या हातांनीं धुतलीं, अल्कोहोल स्वतः ऊर्ध्वपातित केलें, उत्प्रेरकाची नवी बाटली फोडली. अर्धा लिटर हायड्रोजन खपला आणि कांटा थांबला. वर्गांत पन्नास मुलें होतीं. आम्हीं कांहींतरी सबब सांगून वेळ मारून नेली. पण त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. आपल्या हातांत निगा कमी आहे, असें कांहीं आम्हांस म्हणवेना!

दुसऱ्या दिवसापासून आम्हीं एकेक वस्तु वगळून पाहण्यास आरंभ केला. अम्ल तेंच, अल्कोहोल तेंच, उत्प्रेरक तोच. फक्त बाटलीऐवजीं घांशीव कांचेचें बूच असलेला चंबू घेतला आणि चुंबकानें द्रव ढवळला. प्रयोग शेवटापर्यंत निर्वेध गेला. तेव्हां दोष हलविण्याच्या बाटलींत होता. आणि त्या बाटलींत कांचेखेरीज एकच वस्तु होती, ती म्हणजे रबराचें बूच. जुनीं बुचें कडक होऊन गळूं लागलीं म्हणून त्याच वर्षीं जूनमध्यें आम्हीं मोठ्या हौसेनें नवीं लाल बुचें आणविलीं होतीं. त्यांपैकीं एक बूच आम्हीं रात्रभर अल्कोहोलांत बुडवून ठेविलें, आणि सकाळीं तें अल्कोहोल घेऊन कांचेच्या चंबूंत प्रयोग केला. हायड्रोजन जवळजवळ खपलाच नाहीं. चोर सांपडला होता.

रबर टिकाऊ व्हावें म्हणून त्यांत गंधक मिसळून तें तापवितात, आणि ती क्रिया लवकर व्हावी यासाठीं घालावयाचीं द्रव्येंही बहुधा गंधकयुक्तच असतात. बूचांत गंधक शेंकडा दोनच भाग धरला, तरी वीस ग्रॅमच्या बूचांत तो ४०० मिलिग्रॅम होतो. आतां पाव ग्रॅम उत्प्रेरकाचा हिशेब करूं. त्यांत पॅलेडियम साडेबारा मिलिग्रॅम. त्याच्या अणूंपैकीं एक तृतीयांश पृष्ठभागावर आहेत असें समजलें, आणि गंधकाचा एकेक अणु त्यांच्या एकेका अणूवर बसला असें मानलें, तर सारा पृष्ठभाग झांकून टाकण्यास गंधक लागतो अवघा सव्वा मिलिग्रॅम! बाटली हलतांना अल्कोहोलाचे शिंतोडे बूचास वारंवार लागत होते, आणि प्रत्येक शिंतोडा थोडें थोडें विष खालीं घेऊन येत होता. आरंभीं प्रयोग चालावयाचा आणि मग थांबावयाचा, याचें कारणही त्यांतच होतें.

मग आम्हीं या विषयावरील वाङ्मय वाचून काढिलें. ब्रिस्टलच्या मॅक्स्टेड यांनीं या विषांचा पुष्कळ वर्षें अभ्यास करून १९५१ सालीं त्यावर मोठा लेख लिहिला, तो त्या वेळीं आम्हीं प्रथम मुळांतून वाचला. त्यांचे निष्कर्ष मोठे मनोवेधक आहेत. गंधक म्हणजे विष, असें सरसकट म्हणतां येत नाहीं. गंधकाच्या अणूजवळ इलेक्ट्रॉनांची मोकळी जोडी शिल्लक असेल, तर ती तो धातूस देऊन त्याच्याशीं घट्ट जखडून बसतो. हायड्रोजन सल्फाइड, थायोफीन, मरकॅप्टन हे सर्व या जातीचे. पण तोच गंधक चारी बाजूंनीं प्राणवायूनें वेढलेला असला, म्हणजे सल्फेटच्या रूपांत असला, तर अगदीं निरुपद्रवी ठरतो. पॅलेडियमची भुकटी बसविण्यास आधार म्हणून बेरियम सल्फेट खुशाल वापरतात. आणखी असें कीं, गंधकास जोडलेली कर्बाची साखळी जितकी लांब, तितकें विष प्रखर. खुंट्यास बांधलेलें जनावर दाव्याच्या लांबीइतकें रान तुडवितें, तसा हा प्रकार आहे. गंधकाखेरीज फॉस्फरस व आर्सेनिक यांचीं संयुगें, आणि पारा, शिसें, बिस्मथ या धातूही विषारी. सोडियम, कॅल्शियम मात्र गरीब. विषाची मात्रा अल्प असेपर्यंत उत्प्रेरकाची शक्ति मात्रेच्या सरळ प्रमाणांत घटत जाते, असेंही त्यांस आढळलें. द्रवांतील हायड्रोजनीकरण पुष्कळदां साध्या तापमानावर चालतें, आणि एवढ्याशा उष्णतेनें गंधकाची मिठी सुटत नाहीं. अमोनियासारखे कांहीं पाहुणे धुऊन काढल्यास जातात. गंधक हा घर बळकावून बसणारा भाडेकरू आहे.

याच विषाचा माणसानें उपयोगही करून घेतला आहे. जर्मनींत रोझेनमुंड यांनीं १९१८ सालीं अम्लक्लोराइडापासून आल्डिहाइड बनविण्याची रीति काढिली. पॅलेडियम पूर्ण जोमांत असलें तर तें आल्डिहाइडवरही धांवून जाऊन त्याचें अल्कोहोल करून टाकितें. म्हणून त्यास गंधक घालून उकळलेल्या क्विनोलिनचा थोडा लगाम घालण्याची वहिवाट पुढें पडली. लिंडलार यांनीं १९५२ सालीं प्रसिद्ध केलेल्या उत्प्रेरकांत पॅलेडियम मुद्दाम शिशानें मंद केलेलें असतें. अ जीवनसत्त्वाच्या निर्मितींत क्रिया नेमकी मध्येंच थांबावी लागते, ती त्यामुळें थांबते. वनस्पति तुपाच्या बाबतींत मात्र ही गोष्ट बेताची असावी लागते. निकेलवर गंधक बसला म्हणजे हायड्रोजनचा पुरवठा तोकडा पडतो. अर्धवट बदललेला तेलाचा रेणु घेतलेला हायड्रोजन परत टाकून निघून जातो, आणि जातांना त्याचा आकार वांकडा होतो. हींच तीं ट्रान्स मेदाम्लें. हृदयास तीं अपायकारक आहेत असें दिसून आल्यामुळें १ जानेवारी २०२२ पासून आपल्या देशांत तेलातुपांतील त्यांचें प्रमाण शेंकडा दोनवर आणण्यांत आलें आहे. मोहरीच्या जातीच्या तेलांत गंधकाचीं संयुगें निसर्गतःच असतात; तेव्हां असें तेल आधीं नीट शुद्ध करून घेणें किती अगत्याचें आहे, हें वाचकांच्या लक्षांत येईल.

शुद्धीकरणाची एक रीति आम्हांस फार आवडली. वापरून थकलेला, कामांतून गेलेला उत्प्रेरक फेंकून न देतां तो प्रथम अशुद्ध द्रवांत टाकून ढवळतात. त्याच्या अंगीं हायड्रोजनीकरण घडवून आणण्याची शक्ति उरलेली नसली, तरी विष शोषून घेण्यापुरती असते. तो गाळून काढल्यावर मग ताजा उत्प्रेरक टाकावयाचा. त्यास निर्मळ द्रव मिळतो. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकास ही रीति आवडावी, यांत नवल तें काय?

असो. बूचाचा शोध लागल्यावर आम्हीं त्या मुलीची प्रयोगवही मागवून घेतली. पूर्वीं तींतील आंकडे तेवढे पाहून आम्हीं सही केली होती. आतां पहिल्या ओळीपासून वाचूं लागलों. पहिल्या प्रयोगाच्या पानावर, तारखेखालीं, तिनें लिहिलें होतें: ‘आज बाटलीस नवें बूच लाविलें. बूचास उग्र वास येतो.’ तिसऱ्या प्रयोगाच्या शेवटीं पेन्सिलीनें आणखी एक ओळ होती: ‘जुनें बूच लावून पाहावें काय? सरांस विचारणें.’ तिनें विचारलें नव्हतें. आमचें तें चटकदार वाक्य ऐकल्यावर कोण विचारील? आणखी एक गोष्ट कबूल करणें प्राप्त आहे. आमच्या प्रयोगशाळेंतील वृद्ध सहायकांनीं जूनमध्येंच आम्हांस सांगितलें होतें कीं, आधींचे सर नवीं बुचें कॉस्टिक सोड्यांत उकळून मगच वापरीत. त्या सोड्यानें बूचांतील सुटा गंधक निघून जातो, हें आम्हीं स्वतः ताडावयास हवें होतें. आम्हीं ती जुन्या माणसाची एक लकब समजून हंसण्यावारी नेली.

आम्हीं त्या संस्थेस सर्व हकीकत कळवून आपला शेरा परत घेतला. त्यांचें उत्तर सौजन्यपूर्ण होतें. परंतु त्या वर्षाची निवड पुरी झाली होती. मग एका रविवारीं आम्ही तालुक्याच्या गांवीं तिच्या घरीं गेलों. तिच्या वडिलांनीं, कॉलेजचे सर आपल्या घरीं आले म्हणून, धांवपळ करून चहापोहे केले, आणि त्या आदरानें आमची फारच अडचण झाली. शेवटीं आम्हीं सर्व सांगितलें. शेरा काय लिहिला होता, तोही शब्दशः सांगितला. वडील खालीं पाहूं लागले. तिनें बँकेच्या परीक्षेचा अर्ज आदल्याच आठवड्यांत भरला होता, असें तिच्या आईकडून कळलें. ती स्वतः बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग तिनें विचारलें, “सर, तीं बुचें बदललींत ना? पुढच्या वर्गाचे प्रयोग जानेवारींत सुरू होतात.”

बुचें आम्हीं बदललीं होतीं, असें तिला सांगतां आलें. ती पुढें बँकेंतच राहिली. तिच्या वहींतील तीं दोन पानें तिच्या परवानगीनें आम्हीं ठेवून घेतलीं आहेत. शिफारसपत्राचा नमुना टेबलावर आला, म्हणजे तो रकाना भरण्यापूर्वीं आम्ही त्या विद्यार्थ्याची प्रयोगवही पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतों, आणि पेन्सिलीनें लिहिलेलें कांहीं आहे काय, तें आधीं पाहतों.